पेन, सियेस, बर्क: नक्की कोण कुणाशी भांडतंय?

विचारलंय ते थोडक्यात असं, की एमएच्या सेमिनारला 'क्रांतिकाळातली पॅम्फ्लेटं: प्रजासत्ताक विरुद्ध उमरावशाही' हा विषय मिळालाय (म्हणजे अमेरिकन आणि फ्रेंच क्रांतीचा काळ), इंग्लंडहून अमेरिकेत गेलेला टॉमस पेन, फ्रान्सचा धर्मगुरू सियेस आणि ब्रिटिश खासदार एडमंड बर्क वाचून झालेत, पण कुणाला कुठल्या बाजूला बसवायचं तेच कळत नाहीये. सियेस उमरावांची सालटी काढतो पण राजाला धक्का लावत नाही, बर्क आधी अमेरिकेच्या बाजूने बोलला आणि मग फ्रान्सवर तुटून पडला, आणि जॉन ॲडम्स, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला, तो तर कुठेच बसत नाही. वर शेवटी एक ओळ, की पेनचं 'कॉमन सेन्स' हे पॅम्फ्लेट पाच लाख खपलं असं लिहिलं तर चालेल का.

मी हा पेपर बरीच वर्षं शिकवतेय आणि जवळजवळ दर बॅचची गाडी इथेच अडकते, त्यामुळे टेन्शन घेऊ नका. तुमच्या वाचनात खोट नाहीये, घोळ विषयाच्या शीर्षकात आहे. 'अमुक विरुद्ध तमुक' म्हटलं की एकच मैदान आणि दोन टीम असं चित्र डोक्यात बसतं, आणि इथे भांडणं दोन होती. पहिलं गादीचं: देशाच्या डोक्यावर बापाकडून मुलाकडे जाणारी सत्ता असावी का. दुसरं त्या गादीखालच्या लोकांचं: जन्मानेच करमाफी, मोठी पदं आणि कायदे करायची खुर्ची मिळणारा एक वर्ग असावा का. पेन दोन्हीला नको म्हणतो, बर्क दोन्हीला हवं म्हणतो, म्हणून हे दोघं सोपे वाटतात. सियेसला १७८९ मध्ये गादी चालते, वर्ग चालत नाही. ॲडम्सला गादी नको, आणि वर्गाबद्दल त्याचं म्हणणं असं की घराणं, पैसा आणि हुशारी यांच्या जोरावर काही मोजकी माणसं कुठल्याही समाजात वर येणारच, तुम्ही कायद्याने हाकललंत तरी मागच्या दाराने आत येतील, त्यापेक्षा त्यांना वेगळ्या सभागृहात बसवा म्हणजे नजरेसमोर राहतील. सिनेट त्याला हवं होतं ते त्यांचा मान ठेवायला कमी आणि त्यांना आवरायला जास्त. हे त्याने १७८७ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथात सरळ लिहिलंय, तरी आयुष्यभर लोकांनी त्याला छुपा राजेशाहीवाला ठरवलं. (१७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षाला भारदस्त पदवी हवी म्हणून तो सिनेटमध्ये अडून बसला होता, तेही नडलं. त्यावरून त्याच्या गोल शरीरयष्टीला धरून जे टोपणनाव पडलं ते शोधा, मजा येईल.)

आता, कोण कधी कुठल्या भांडणात आहे हे देशावर आणि अक्षरशः महिन्यावर अवलंबून असतं. फ्रान्सचंच घ्या. तिजोरी रिकामी, म्हणून राजाला इस्टेट्स जनरल ही जुनी सभा बोलवायची वेळ आली, आणि ती शेवटची भरली होती १६१४ मध्ये, म्हणजे ती कशी भरवायची हे कुणाला धड आठवतही नव्हतं. ५ जुलै १७८८ ला सरकारनेच फर्मान काढलं की जाणकारांनी यावर माहिती आणि मतं कळवावीत. झालं, जो तो लिहायला बसला. पण तोपर्यंतचा रोख मंत्र्यांवर आणि दरबाराच्या मनमानीवर होता, पॅरिसचं पार्लमां, म्हणजे तिथलं वरिष्ठ न्यायालय, लोकांच्या गळ्यातला ताईत होतं. मग २५ सप्टेंबरला त्याच पार्लमांने निकाल दिला की सभा १६१४ सारखीच भरेल. म्हणजे धर्मगुरू, उमराव आणि बाकीचे सगळे असे तीन गट वेगवेगळे बसणार आणि प्रत्येक गटाला एक मत, म्हणजे दोनास एक हा हिशोब कायमचा ठरलेला. तिथून लोकांचा राग एकदम उमरावांकडे वळला. सियेसचं 'तिसरा वर्ग म्हणजे काय' जानेवारी १७८९ चं आहे, या रागाच्या ऐन भरातलं, म्हणून त्यात दोनेक लाख विशेषाधिकारवाले विरुद्ध अडीच कोटींवर माणसं असा हिशोब मांडलाय आणि राजावर फारसं काही नाही. का असावं? आदल्याच महिन्यात, २७ डिसेंबरला, राजाच्या कौन्सिलने तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी दुप्पट करायला मान्यता दिली होती. समोर उमराव असताना राजाला अंगावर घ्यायची गरजच काय?

याच सियेसचं जुलै १७९१ चं लेखन काढा. राजा पळून जाताना वारेन गावात पकडला गेलाय, १ जुलैला पॅरिसच्या भिंतींवर राजेशाही नको म्हणणारं पोस्टर लागलंय ज्यामागे टॉमस पेन आहे, आणि सियेस 'मोनितर' या वर्तमानपत्रात जाहीर लिहितो की मला राजेशाहीच बरी वाटते, तिच्यात नागरिक जास्त स्वतंत्र राहतो. दोघंही जन्मजात सरदारकीचे कट्टर विरोधक, आणि गादीवरून आपसात जाहीर वाद! पुढे जानेवारी १७९३ मध्ये राजाला मृत्युदंड द्यायच्या बाजूने सियेसने मत दिलं ते वेगळंच. म्हणून मी मुलांना सांगते की 'सियेस काय म्हणतो' असं वाक्यच लिहू नका, 'जानेवारी १७८९ चा सियेस' असं लिहा.

लिहिणाऱ्याच्या जन्मावरूनही अंदाज बांधू नका. बर्क डब्लिनच्या एका वकिलाचा मुलगा, घरात ना जहागीर ना किताब, आणि उमरावांचा सगळ्यात मोठा वकील तोच झाला. उलट द'आंत्रेग हा सरदार घराण्यातला काउंट, १७८८ मध्ये त्याने लिहिलं की वंशपरंपरेची सरदारकी म्हणजे स्वतंत्र राष्ट्रावर आलेली सगळ्यात भयंकर पीडा, आणि वर्ष उलटायच्या आत प्रत्यक्ष सभेत तो उमरावांच्या गटाची बाजू लढवत होता, मग देश सोडला आणि क्रांतीच्या शत्रूंसाठी हेरगिरी केली. अशा माणसांना सेमिनारमध्ये जागा द्या, पेपर जिवंत होतो.

बर्कचं कोडं त्यामानाने लवकर सुटतं. मार्च १७७५ च्या भाषणात तो अमेरिकन वसाहतींची बाजू घेतो ती त्या इंग्रज पूर्वजांकडून आलेले हक्क मागतायत म्हणून, आणि १७९० मध्ये फ्रान्सला झोडपतो ते वारशाने आलेलं सगळंच मोडतायत म्हणून. कारण एकच आहे, म्हणजे पक्ष बदलला हा आरोप तितकासा टिकत नाही. त्याच्या काळात पुष्कळांनी तो केला हे मात्र नोंदवा.

सेमिनारसाठी माझं मत विचाराल तर या तिघांना थोडं मागे ठेवा आणि एक आडबाजूचं पॅम्फ्लेट पुढे आणा. अमेरिकेतलं सिनसिनाटी प्रकरण. मे १७८३, युद्ध संपल्यात जमा, सैन्य घरी जायच्या बेतात, आणि न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीकाठच्या छावणीत अधिकाऱ्यांनी एक सोसायटी काढली. पुढाकार जनरल हेन्री नॉक्सचा, पुढे अध्यक्ष खुद्द वॉशिंग्टन. उद्देश अगदी साधे: मैत्री टिकवायची, अडचणीतल्या सहकाऱ्यांच्या विधवा-मुलांना मदत करायची, छातीवर निळ्या फितीत सोन्याचा गरुड लावायचा. नाव सिनसिनाटसवरून, तोच रोमन सेनापती जो लढाई जिंकून परत नांगर धरायला शेतावर गेला. सगळं छान, फक्त नियमांत एक कलम होतं की सभासदाच्या मागे सभासदत्व थोरल्या मुलाला जाईल.

त्या एका कलमावर साउथ कॅरोलिनातला एक न्यायाधीश पेटला. नाव इडेनस बर्क (एडमंड बर्कशी गल्लत करू नका, दोघंही आयरिश, एवढंच साम्य). १७८३ च्या शरद ऋतूत त्याने पॅम्फ्लेट काढलं ते 'कॅसियस' या नावाने, म्हणजे सीझरला मारणाऱ्यांपैकी एक. तिकडून सिनसिनाटस आला तर इकडून कॅसियस, टोपणनाव हाच अर्धा युक्तिवाद असतो, ते कधी सोडून देऊ नका. त्याचं म्हणणं असं की या देशात आता राजा नाही म्हणून निवांत बसू नका, सरदार तयार व्हायला राजा लागतच नाही. लढाईची कीर्ती, छातीवरचा बिल्ला आणि थोरल्या मुलाचा हक्क एवढ्या भांडवलावर पुढे देशाचे दोन भाग पडतील, वर पॅट्रिशियन, म्हणजे रोममधल्यासारखे उमराव, आणि खाली बाकीचे. घाबरवायला त्याने अतिशयोक्ती केलीय का? केलीय. पण या पॅम्फ्लेटात गादीचा प्रश्नच नाहीये, त्यामुळे दुसरं भांडण इथे सुटं, निव्वळ बघायला मिळतं, पेन किंवा सियेसमध्ये ते इतकं स्वच्छ कधीच दिसत नाही.

आणि ते पॅम्फ्लेट तिथे थांबत नाही. ते पोचलं पॅरिसला बेंजामिन फ्रँकलिनकडे. त्याने २६ जानेवारी १७८४ ला आपल्या मुलीला, सेराला, लिहिलेलं पत्र नक्की वाचा. म्हणतो, चिनी लोकांत माणसाने कर्तृत्व गाजवलं की मान त्याच्या आईबापांना मिळतो, ते शहाणपणाचं आहे, कारण त्याला घडवलं त्यांनी, पोराने काय केलंय? मग थेट गणित मांडतो. मुलगा अर्धाच बापाचा, अर्धा दुसऱ्या घराण्याचा. नातू चौथा हिस्सा. असं करत नवव्या पिढीला त्या मूळ शूर अधिकाऱ्याचा अंश उरतो ५१२ वा भाग, आणि त्यासाठी बिल्ला लावून मिरवायचं! (गरुडापेक्षा टर्की बरी ही त्याची प्रसिद्ध थट्टा याच पत्रातली, या सोसायटीच्या बिल्ल्यावरूनच निघालेली, ती लोक संदर्भ तोडून फिरवतात.)

फ्रँकलिन मुत्सद्दी, फ्रेंच दरबारात अमेरिकेचा राजदूत, आणि फ्रेंच अधिकारी त्याच सोसायटीचे सभासद झालेले, तेव्हा हे त्याने स्वतःच्या नावाने छापलं नाही. त्याने साहित्य दिलं मिराबोला. मिराबो स्वतः काउंट, बापाने राजाच्या शिक्क्याची पत्रं, म्हणजे खटल्याशिवाय कैदेचे हुकूम, आणून तुरुंगात डांबलेला, कर्जात बुडालेला, लेखणी मात्र जबरदस्त. त्याने इडेनस बर्कच्या मजकुराचं रूपांतर केलं, वाढवलं, फ्रँकलिनच्या पत्रातलेही मुद्दे नाव न घेता आत घातले, आणि १७८४ मध्ये लंडनला छापलं, पॅरिसमध्ये असलं काही उघड छापायची सोय नव्हती म्हणून. कागदावर विषय अमेरिकेतल्या एका सोसायटीचा, मार खातंय कोण तर फ्रान्सचं उमरावमंडळ. पाच वर्षांनी हाच मिराबो काउंट असूनही तिसऱ्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला. म्हणजे साउथ कॅरोलिनातल्या न्यायाधीशाचा राग फ्रान्सच्या भांडणात कसा शिरला त्याचा माग इथे कागदोपत्री सापडतो, 'अमेरिकन क्रांतीचा फ्रान्सवर प्रभाव' असल्या ढगळ वाक्याची गरजच पडत नाही.

सोसायटीचं पुढे काय झालं म्हणाल तर मे १७८४ च्या फिलाडेल्फियातल्या बैठकीत वॉशिंग्टनने वंशपरंपरेचं कलम काढायचा आग्रह धरला, बैठकीने मान्यही केलं, पण सगळ्या राज्यांच्या शाखांनी ते उचलून धरलं नाही, आणि कलम राहिलं. सोसायटी आजही आहे. १७८७ च्या राज्यघटनेत सरदारकीच्या पदव्या देण्यावर बंदी आली, केंद्रालाही आणि राज्यांनाही, ते कलम शेजारी ठेवून हे वाचा.

इथवरचं एकदा गोळा करते: गादी आणि वर्ग ही भांडणं वेगळी, प्रत्येक पॅम्फ्लेटावर महिना टाका, आणि उत्तर कुणाला दिलंय ते शोधा. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त राहून जातं. एकटं पॅम्फ्लेट वाचणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी बसणं आहे, पलीकडचा काय म्हणाला ते आपल्याला कळतच नाही. एडमंड बर्कचं फ्रान्सच्या क्रांतीवरचं पुस्तक ('रिफ्लेक्शन्स') वाचण्याआधी ब्रिटिश धर्मोपदेशक रिचर्ड प्राइसचं, त्या क्रांतीचं स्वागत करणारं ४ नोव्हेंबर १७८९ चं प्रवचन वाचा, लहानसं आहे, बर्क चिडला ते त्याच्यावर. बर्कचं आलं १ नोव्हेंबर १७९० ला आणि महिना संपायच्या आत मेरी वॉलस्टनक्राफ्टचं उत्तर बाजारात, पहिल्या आवृत्तीवर नाव नाही, दुसरीवर नाव. ती बर्कला धरते ते नेमकं वारसाहक्कावर, थोरल्याला सगळं आणि बाकीच्या पोरांना वाऱ्यावर, गरिबाच्या शेतात जमीनदाराची शिकारीची जनावरं चरणार आणि त्याने हात लावायचा नाही, असलं रोजच्या जगण्यातलं. पेनही बर्कला दिलेल्या उत्तरात, 'राइट्स ऑफ मॅन'मध्ये, तेच म्हणतो, की उमरावशाहीला मूल एकच असतं, बाकीची जन्माला येतात ती गिळली जायला. वंशपरंपरागत गणितज्ञ असतो का, मग वंशपरंपरागत कायदेकर्ता कसा, हेही त्याचंच. गंमत म्हणजे 'राइट्स ऑफ मॅन'चा हा पहिला भाग त्याने अर्पण केलाय वॉशिंग्टनला, जो तेव्हाही सिनसिनाटीचा अध्यक्ष होताच.

आणि किंमत! इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा मुद्दा फालतू वाटतो, सरकारी वकिलाला तो अजिबात फालतू वाटला नव्हता. बर्कचं पुस्तक ५ शिलिंग. शेतमजुराला तेव्हा आठवड्याला मिळायचे साधारण ८-९ शिलिंग. पेनचा पहिला भाग ३ शिलिंग, तोही खिशाला जडच, सरकारने कानाडोळा केला. पण १७९२ मध्ये दुसरा भाग आला, त्यामागे ६ पेन्सच्या, म्हणजे अर्ध्या शिलिंगच्या, स्वस्त आवृत्त्या, आणि मे महिन्यात राजाची जाहीर घोषणा निघाली राजद्रोही लिखाणाविरुद्ध. डिसेंबरमध्ये पेनच्या गैरहजेरीत खटला चालला तेव्हा ॲटर्नी जनरलने कोर्टात सांगितलेलं कारण वाचा: पहिला भाग समंजस वाचकाच्या हाती पडेल आणि तो त्याचं मोल ओळखेल असं वाटलं म्हणून सोडून दिला, पण दुसरा आकार-प्रकार बदलून सगळीकडे घुसवला जातोय, अगदी पोरांच्या मिठाईच्या पुडीचा कागदसुद्धा त्याचाच. म्हणजे आक्षेप मजकुरावर होता त्याच्याइतकाच वाचणाऱ्यावर होता. ज्युरीने सरकारी वकिलाचं प्रत्युत्तरसुद्धा ऐकून घेतलं नाही, लगेच दोषी ठरवलं. मग दुसऱ्या बाजूलाही खाली उतरावं लागलं, हॅना मोरने लोहार आणि गवंडी यांचा संवाद लिहिला, सुताराच्या टोपणनावाने, साध्या बोलीत, की बाबांनो आहे ते बरंय. आणि बर्कने सामान्य लोकांना एका ठिकाणी डुकरांचा कळप म्हटलं होतं, त्याचा सूड म्हणून टॉमस स्पेन्सने आपल्या स्वस्त साप्ताहिकाचं नावच 'पिग्ज मीट' ठेवलं.

(जाता जाता, पेनचं हे पुस्तक पुढे आपल्याकडेही पोचलं. जोतीराव फुल्यांनी तरुणपणीच 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं, जन्मावरून मिळणाऱ्या मोठेपणावरचा पेनचा मारा ज्याला इथल्या परिस्थितीत लगेच भिडेल असा वाचक. सेमिनारमध्ये एक वाक्य टाका, पण त्यावरच वाहवत जाऊ नका, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.)

आता पाच लाखांचं. लिहू नका. अमेरिकन वसाहतींची सगळी लोकसंख्या तेव्हा २५ लाखांच्या आसपास, त्यातले पाचेक लाख गुलामगिरीत. पेन स्वतः लाख-दीड लाखाच्या गोष्टी करायचा, आणि तो आपल्याच पुस्तकाबद्दल बोलत होता. पाच लाख हा नंतरच्या लोकांनी फुगवलेला आकडा आहे, तेवढा कागद आणि तेवढे छापखाने कुठून आले हे कुणी विचारत नाही. त्याऐवजी जे पक्कं आहे ते लिहा: १७७६ या एका वर्षात अमेरिकेत त्याच्या २५ च्या आसपास आवृत्त्या निघाल्या, तेवढं पुरेसं धक्कादायक आहे. आणि रॉबर्ट बेलबद्दल लिहा. फिलाडेल्फियाच्या या मुद्रकाने १० जानेवारीला 'कॉमन सेन्स' काढलं, किंमत २ शिलिंग. पेनला आपल्या वाट्याच्या नफ्यातून क्वेबेकच्या मोहिमेवरच्या सैनिकांना हातमोजे घ्यायचे होते, बेल म्हणाला नफाच झाला नाही, दोघांचं वाजलं, पेन वाढीव मजकूर घेऊन ब्रॅडफर्डकडे गेला आणि ती आवृत्ती १ शिलिंगला निघाली. बेल छापत राहिलाच. आणि मार्चमध्ये 'कॉमन सेन्स'ला राजनिष्ठांचं उत्तर आलं, 'प्लेन ट्रुथ', राजा गेला तर झुंडीचं राज्य येईल म्हणणारं, ते कुणी छापलं असेल? बेलनेच. पण हे स्वातंत्र्य सगळ्यांना नव्हतं, न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल लाउडन या मुद्रकाने असंच एक उत्तर छापायला घेतलं तर त्याच महिन्यात रात्री जमाव घरात शिरला आणि छापील प्रती नेऊन जाळल्या. त्यामुळे 'राजनिष्ठांकडे उत्तरच नव्हतं' असं लिहायच्या आधी जळलेल्या गठ्ठ्यांचा विचार करा. फ्रान्समध्ये चित्र वेगळं होतं, जून १७८९ मध्ये आर्थर यंग हा इंग्रज प्रवासी पॅरिसच्या पुस्तकदुकानांत हिंडला तेव्हा त्याला आदल्या आठवड्यात ९२ नवी पॅम्फ्लेटं निघाल्याचं कळलं, बहुतेक सगळी उमराव आणि धर्मगुरूंच्या विरोधातली, आणि त्याला नवल याचंच वाटलं की दरबाराकडून उत्तर म्हणून काहीच येत नाहीये.

वेळ किती मिळणार ते तुम्ही लिहिलं नाहीये. वीसेक मिनिटं असतील तर फक्त सिनसिनाटी घ्या: इडेनस बर्क, फ्रँकलिनचं पत्र, आणि मिराबोचं १७८५ चं इंग्रजी भाषांतर, फ्रेंच येत नसलं तरी अडत नाही. फ्रँकलिनचं पत्र 'फाउंडर्स ऑनलाइन'वर फुकट आहे, मिराबोचं मूळ 'गॅलिका' या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर शोधा. तासभर असेल तर सियेसचं दुसरं प्रकरण जोडा, त्यात ज्यांना आपण फ्रँक विजेत्यांचे वंशज असल्याचा अभिमान आहे त्यांना फ्रँकोनियाच्या जंगलात परत पाठवा असं तो म्हणतो, आणि त्याच्या शेजारी 'कॉमन सेन्स'मधला, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमवरचा परिच्छेद ठेवा, तिथे पेन इंग्लंडच्या राजघराण्याचं मूळ हत्यारबंद टोळीच्या म्होरक्यापर्यंत नेतो. शस्त्र एकच, सियेस ते उमरावांवर चालवतो, पेन गादीवर. गाइड बहुतेक विचारतीलच की सिनसिनाटीत राजा कुठाय, मग हे प्रजासत्ताकाच्या वादात बसतं कसं. त्याला उत्तर म्हणून इडेनस बर्कचाच मुद्दा सांगा, राजा गेल्यानंतरची भीती, आणि लगेच पुढे १७८७ चं पदव्यांवरच्या बंदीचं कलम वाचून दाखवा.